वद्य पंचमीचा लसूण

तू बेळगावला, केतकीच्या बाळंतपणाला.
गच्चीवर मी आणि तुझ्या एकेचाळीस कुंड्या.
निघताना टेबलाच्या काचेखाली कागद सरकवून गेलीस:
कार्तिक शुद्धात मेथी, शेपू, जे वर वाढतं ते.
वद्यात मुळा, गाजर, लसूण, जे खाली उतरतं ते.
गुलाबाची छाटणी चंद्र उतरणीला लागल्यावर.
चंपाषष्ठीपर्यंत वांग्यांकडे बघायचं नाही.
अमावास्येला मातीला हात लावायचा नाही.
हे शेवटचं तीनदा अधोरेखित.

चौतीस वर्षं मी शिवाजीनगरच्या वेधशाळेत
पारा वाचला.
कमाल, किमान, दवबिंदू,
वाऱ्याच्या सोळा दिशा.
चंद्राचा रकाना आमच्या नोंदवहीत नव्हता.

तरी ऐकलं तुझं.
तुळशीचं लग्न लागल्यावर मंजिऱ्या खुडल्या,
दसऱ्याचा झेंडू चुरून बी काढलं,
शेवंतीला काठी दिली. तिला ऊन पुरत नाही,
समोर बारा मजली झाली ना,
सहकारनगरात आता सूर्य साडेनवाला उगवतो.
गुलाब कापायला मात्र हात धजेना. हिरव्यागार फांद्या.
"डोळ्याच्या वर, तिरका काप, घाबरायचं नाही,"
तू फोनवर म्हणालीस,
मागे बाळ रडत होतं,
मला सांगत होतीस की केतकीला, कळेना.

गुरुवारी पाणी नव्हतं.
हे कुठल्याच पंचांगात नसतं.
तांदूळ धुतलेलं पाणी बादलीतून वर नेताना
गुडघ्यांनी आपापली तिथी सांगितली.

वद्य पंचमी.
पाकळी सोलायची नाही, टोक वर, पेरभर खोल.
काळ्या कुंडीत चोवीस, मोजून.
पहाटेचं तापमान अकरा, तळजाई धुक्यात गडप.
नवव्या दिवशी कोंब.

दुसऱ्या दिवशी अमावास्या.
वाटीत दहा पाकळ्या उरलेल्या,
टाकीमागे तेलाचा चिरलेला डबा.
रात्री साडेदहाला, टॉर्च दातांत धरून,
मी मातीला हात लावला.
माती काही म्हणाली नाही.
गार होती, इतकंच.

चंपाषष्ठीला एकट्यापुरतं भरीत केलं,
मीठ विसरलं.
आणि सप्तमीच्या सकाळी टाकीमागे
दहाच्या दहा.
जाड, सरळ, पोपटी.
तुझ्या पंचमीहून दोन दिवस चपळ.

कारणं मला ठाऊक आहेत.
डब्याचा पत्रा तापतो, टाकी वारा अडवते,
दहा पाकळ्यांनी काहीच सिद्ध होत नाही.
तेवढं लिहिता आलं असतं.
साहेबांनी सुचवूनही मी कधी
अर्ध्या अंशाचा आकडा फिरवला नव्हता.
तुझ्या वहीत लिहिलं:
पंचमी, सात दिवस.
अमावास्या,
नाही, अमावास्या लिहिलीच नाही.

रात्री तुझा फोन. नाव अजून ठरत नाहीये,
आत्याबाई हटून बसल्यात.
"आणि लसूण?"
"आला. सातव्या दिवशी."
"सातव्या?"
बराच वेळ नुसता बाळाचा श्वास.
"पंचमीचा कधी नऊच्या आत येत नाही.
अहो, टाकीमागचा डबा हलवलात का?"
मी गप्प.
"दरवर्षी एक डबा मी अमावास्येला लावते.
कुणाला सांगू नका."
"मग?"
"मग काय? पात आधी त्याचीच निघते.
पोह्यांवर घालते."

फोन ठेवला. वही काढली.
चुकल्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी बरोबर आकडा, त्याशेजारी सही,
ऑफिसात करायचो तशी.
मग वर गेलो.
अर्धा चंद्र क्रेनच्या मागे.
मेथी पेरायची राहिली होती.